नावाआधी कै. नको

५ जानेवारी, सोमवार
सकाळी टेनिस क्लबच्या सेक्रेटरींचा, प्रमोदरावांचा फोन. वर्षभरात क्लबातले चार जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ टूर्नामेंट. जमतील ते पैसे घाटी हॉस्पिटलातल्या गरीब पेशंटांच्या औषधांना. डबल्सच्या चषकाला यांचं नाव. "वहिनी, तुमच्याच हातानं द्यायचा." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हे गेल्यापासून बाहेरच्या कुणी यांचं नाव काढलं नव्हतं.
एकच सांगितलं. नावाआधी कै. नको, आम्हा बौद्धांत कालकथित लिहितात, तेच लिहा. "हो हो, लिहितो की."

९ जाने., शुक्र.
व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. चौघांच्याही नावाआधी कै. सलीमभाईंच्या धाकट्या भावाच्यासुद्धा! सलीमभाई म्हणजे यांचे डबल्सचे पार्टनर. संध्याकाळी आले तेव्हा दाखवली, तर हसतच सुटले. "भाभी, रफीक कू भी कैलास पे भेज दिए. जिंदगीभर शहागंज छोडके कहीं गया नै." मीही हसले. मग चहा ठेवायला उठले.
सासरे गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर छापखान्यानं असंच कै. घातलं होतं. यांनी गठ्ठा तसाच परत नेऊन आपटला. "जिवंतपणी बाबानं कैलास मानला नाय, मेल्यावर तिथं राहायला पाठवू व्हय?"

१० जाने.
प्र.रावांना फोन. "प्रिंटरची चूक, वहिनी. फ्लेक्सवर नीट करतो."
पल्लवी पुण्याहून: "आई, एवढ्याशा अक्षराचं काय घेऊन बसलीस? चांगल्या कामात कशाला..."
एवढंसंच आहे, तर काढायला जड का जातंय?

१७ जाने., शनि.
मुद्दाम ग्राउंडवर जाऊन आले. फ्लेक्स लागलाय. "कै. कालकथित सुधाकर". त्याखाली "कै. मरहूम रफीक". वा रे वा!
प्र.रावांना म्हटलं, कै. काढायचं होतं हो. तर म्हणे, "चौघांचं एकसारखं नको का दिसायला? आपल्या क्लबात भेदभाव नाय, वहिनी." भोवतालचे माना डोलावतायत. म्हणजे भेदभाव करणारी मीच! तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन भांडी आपटली.

१८ जाने.
फायनल. सलीमभाई खेळलेच नाहीत. "घुटना" म्हणाले. घुटन्याला काही झालेलं नाही.
माइकवर पुकारा, "कैलासवासी सुधाकररावांच्या पत्नी..." उठलेच नाही. बसल्या जागेवरून बोलणार होते, वाक्यं पाठ करून गेले होते. पहिलंच वाक्य आठवेना. पुन्हा पुकारा. तरी मी खुर्चीतच.
मग प्र.राव आवाज खाली आणून, "वहिनी भावुक झाल्यात." टाळ्या! शेजारची बाई पाठीवरून हात फिरवायला लागली. चषक त्यांनीच देऊन टाकला.

१९ जाने., सोम.
पल्लवीनं व्हिडिओ पाहिला. "आई, किती रडत होतीस गं!" रडत नव्हते म्हटलं. तिला पटलं नाही.
दुपारी प्र.राव: "तुमच्या सत्काराची शाल राहिली, उद्या घरी आणून देतो. आणि खुशखबर, चषक दर वर्षी ठेवायचं ठरलं." या म्हटलं.
हे असते तर दारातच सुनावलं असतं. माझं काय होतंय कोण जाणे. उद्याही तोंड उघडलं नाही, तर दर वर्षी हे कैलासवासी आणि मी भावुक.