दुसऱ्या भरतीचं कारण

७ जानेवारी, बुधवार
बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले. काळा चष्मा लावून आमच्या कांदिवलीच्या हॉलमध्ये बसतात. सातव्या मजल्यावरून समोरच्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरींशिवाय काही दिसत नाही. तरी दुपारी जेवताना म्हणाले, "आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पानी फुल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आमच्या मढच्या कोळीवाड्यात हे सगळ्यांना पाठ. फोनमध्ये बघितलं, फार तर पंधरा मिनिटांचा फरक.

मग माझ्यातली शाळेतली बाई जागी झाली. म्हटलं, बाबा, चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते. गुरुत्वाकर्षण.
"मान्य. चांद डोक्यावर आला, ओढला पानी. मग चांद पायाखाली गेला का परत भरती येते, ती कोन ओढतो?"
चौदा वर्षं विज्ञान शिकवतेय, फळ्यावर एकाच बाजूचा फुगवटा काढून मोकळी होते. पोरांनी कधी विचारलं नाही. मलाही कधी प्रश्न पडला नाही, आणि मी कोळ्याची पोर! लाज वाटली.

नंतर पुन्हा तेच बोलणं काढलं. आई गेली, आता एकटे तिकडे राहू नका. इथेच राहा. नेहमीसारखे चिडले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्या भरतीचा नीट समजावलास तर कायमचा राहतो. नाय तर डॉक्टरनं सोडला का मी मढला." शनिवारी १७ ला तपासणी. दहा दिवस आहेत.

९ जाने., शुक्र.
नेटवर वाचून सांगितलं की पृथ्वी फिरते, बादली गरागरा फिरवल्यासारखं पाणी बाहेर फेकलं जातं. स्वतःवर खूश होते मी.
"फिरते रोज सारखीच ना गो? मग उधानाला जास्त नि भांगाला कमी पानी कसा फेकते?"
वाट लागली. भांगाची भरती, म्हणजे अष्टमीची, छोटीच असते हे तर मीही लहानपणापासून बघितलंय. नीट वाचलं तर ते कारण अर्धवटच होतं. म्हातारा न वाचता बरोबर.

११ जाने., रवि. अष्टमी
सकाळी गॅलरीतून अर्धा चंद्र दिसला. बाबा चष्मा वर करून बघत राहिले. "एवढा धारदार असतो काय? मना वाटायचा, त्याची कड अशीच पुसट असते." किती वर्षं पुसट बघत होते, एका शब्दाने बोलले नाहीत. राग आला.
भांगाचं मात्र समजावलं. अष्टमीला चंद्र एका बाजूने, सूर्य काटकोनात दुसरीकडून ओढतो, म्हणून पाणी कमी चढतं. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत, म्हणून उधाण. हे लगेच पटलं. "म्हंजे नवरा-बायकोचा एकमत झाला का घरात उधान." आई असती तर लाटणं फेकून मारलं असतं.
पण दुसरी भरती अजून बाकीच.

१४ जाने., संक्रांत
टेबलावर संत्रं म्हणजे पृथ्वी, तिळाचा लाडू म्हणजे चंद्र. अर्धा तास बोलले. बाबांनी शांतपणे चंद्र खाल्ला. "गूळ कमी झालाय."

१६ जाने., शुक्र.
शाळा सुटल्यावर मढला गेले, बाबांचे डोळ्यांचे जुने कागद आणायला. घर बंद, अंगणातली तुळस सुकलेली. पाणी घातलं, जरा रडले.
दोन वाजता पाणी उतरत होतं. खाडीतून तीन होड्या एकामागे एक बाहेर निघाल्या. मुखाशी ओढ जबरी, म्हणून पुढची सुसाट. मधली तिच्यापेक्षा कमी. मागची आत संथ पाण्यात, रेंगाळत. बघता बघता मधलीच्या दोन्ही बाजूंना अंतर पडलं.
तिथेच उभी राहून एकटी हसले. हेच तर!

१७ जाने., शनि.
डॉक्टर म्हणाले, डोळा झकास. घरी जायला हरकत नाही. (नेमकं हेच बोलायचं होतं त्यांना.)
संध्याकाळी सांगितलं. बाबा, पुढची होडी म्हणजे चंद्राजवळचं पाणी, मधली म्हणजे पृथ्वी, मागची म्हणजे पलीकडचं पाणी. चंद्र तिघांनाही आपल्याकडेच ओढतो, फक्त जवळच्याला जास्त, लांबच्याला कमी. पलीकडचं पाणी कोणी उलटं ओढत नाही. ते मागे राहतं. मधल्या होडीतून बघणाऱ्याला दोन्हीकडे अंतर वाढलेलं दिसतं. तेच दोन फुगवटे, त्याच दोन भरत्या.
बाबा म्हणाले, "उद्या सांगतो."
त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवलीय. मी हरले तर जातील. जिंकले तर शब्दात अडकून राहतील, आणि चादरी बघत बसतील. मला नक्की काय हवंय?

१८ जाने., रवि. अमावास्या
सकाळी गॅलरीत फोनवर होते, मढच्या धर्माकाकांशी. मी चहा घेऊन दाराआड थांबले. "अरे धर्मा, चांद तिघांनाबी ओढतो. मागच्या होडीला कोन उलटा खेचत नाय, तिला ओढच कमी पोचते. समजला काय? माझ्या पोरीनं शोधला." माझ्यापेक्षा सोपं सांगितलं.
चहा दिला. विचारलं, मग? पटलं?
चहाचा घोट घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाय गो बाय. अजून नीट पटला नाय. फुडच्या अमावास्येपर्यंत इचार करतो."
बरं, म्हटलं.
"तवर मढला गेलीस तर भिंतीवरचा तिथीचा कॅलेंडर घेऊन ये. तुमच्याकडं एक धड खिळा नाय."
सव्वाअकराला हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. बाबा म्हणाले, आता पाणी फुल असेल.