ऋषीसाठी दहा किलो

७ जून २००४, सोमवार

ब्याऐंशी! पुण्याच्या डॉक्टरांनी काट्यावरून उतरवलं, पुन्हा चढवलं, तरी ब्याऐंशीच. म्हणाले, किडनी जुळते. पण एवढ्या वजनाच्या बाईची काढणं धोक्याचं. बहात्तर करा, मग तारीख देतो. धाकटा भाऊ ऋषी आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या सुया टोचून घेतोय, आणि अडलंय कुठं — माझ्या पोटावरच्या वळ्यांत!

सासूबाईंना सांगायचं नाही, असं यांचं म्हणणं. "आईला कळलं तर ती तुला पुण्याच्या यष्टीत बसू द्यायची न्हाई."

१४ जून

चहात साखर घेतली नाही, तर सासूबाई सुरू! "टीव्हीतल्या बायांवानी व्हायचंय का? लोक म्हनत्याल, साळुबाई सुनंला खायाला घालत न्हाई!" वर ताटात तूप ओतलं. न विचारता!

२८ जून

ऋषी बरा व्हावा म्हणून सोमवार आणि गुरुवार धरलेच होते. आता शनिवारही धरला. देवाचंही होईल, वजनाचंही.

१२ जुलै

माणूस तोलता येईल असा गावात एकच काटा — गेणभाऊंच्या कांद्याच्या वखारीत. उभी राहिले. त्र्याऐंशी!! "वहिनी, पोत्याचं बारदान वजा धरू का?" म्हणे. हमाल हसले. आठवड्याला तीन उपवास करून वर किलोभर! घरी येऊन रडले.

१९ जुलै

पाच दिवस नुसता कोरा चहा. आज गोठ्यात चक्कर आली, शेणाच्या पाटीसकट पडले. यांनी डॉक्टरांना फोन लावून दिला. ते ओरडलेच — "अशक्त माणसाची किडनी आम्ही घेत नाही! उपाशी राहायचं नाही, मोजून खायचं. आठवड्याला अर्धा किलो पुरे." मग विचारलं, उपवासाला काय खाता? सांगितलं — ताटभर साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, दोन केळी. डॉक्टर म्हणाले, "ताई, त्या एका ताटात तीन भाकऱ्या बसतात. आधी उपवास सोडा."

एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, ती मीच! पण देवाला काय सांगू? ज्याच्यासाठी धरले, त्याच्यासाठीच सोडायचे?

२३ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

दुपारी एक भाकरी, मुगाची उसळ, काकडी. सासूबाईंनी पाहिलं. "श्रावनी सोमवारी भाकर! भाऊ तिकडं दवाखान्यात, आन् तुला नटायचं सुचतंय!"

एवढे दिवस जीभ आवरली होती, आज नाही आवरली. सगळं बोलून टाकलं — किडनी, बहात्तर किलो, सगळं. त्या उठून बाहेर गेल्या. झालं! आता घरात महाभारत.

२४ ऑगस्ट

सकाळी माझ्या भाकरीचं पीठ सासूबाईंनी स्वतः वाटीनं मोजून काढलं. "तुजं उपास म्या धरते. देवाला कुनी केलं म्हून काय? तू जेव."

३० ऑक्टोबर

सत्याहत्तर. पण या बाईनं जीव मेटाकुटीला आणलाय! शेंगदाणे दहाच म्हणजे दहाच. अकरावा हातातून काढून घेतला.

१३ नोव्हेंबर

दिवाळीला शेजारच्या बयाबाई लाडू घेऊन आल्या. "आरती, लई वाळलीस गं. शुगर झाली का?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई — "तिला काय धाड भरलीय!" डबा घेऊन आत ठेवला. मला निम्मासुद्धा नाही!

१० जानेवारी २००५

बहात्तर! रक्तही चांगलं. सत्तावीस तारीख मिळाली. ऋषी माझ्याकडं बघतच नाही. "तायडे, तुला काही झालं तर?" म्हटलं, गप बस. सहा महिने लाडूवाचून काढलेत मी, आता नखरे नकोत.

३० जानेवारी

टाके ओढतात, पेन धरवत नाही. तीन दिवस माझी किडनी त्याच्या पोटात ढिम्म बसून होती. डॉक्टर नुसते "बघू" म्हणायचे. सासूबाईंनी उपासात पाणी पिणंही सोडलं होतं.

आज दुपारी ऋषीला लघवी झाली!