आधी पन्नाशी, मग पोट

९ जानेवारी, मंगळवार
डाव्या अंडाशयावर गाठ. साडेसहा सेंटिमीटर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा साधी पाण्याचीच, पण नक्की काढल्यावरच कळेल. तुमच्या घरातला इतिहास बघता दोन्ही अंडाशय काढलेले बरे. इतिहास म्हणजे आई. तिला तिथलाच कॅन्सर झाला, एकोणपन्नासाव्या वर्षी गेली. मी आत्ता एकोणपन्नास.
घाबरले वगैरे नाही. निघताना सायकलचं कुलूप उघडेना, ते थंडीमुळे.

१० जानेवारी, सकाळी ६.१०
निर्णय शास्त्रशुद्ध घ्यायचा. वहीत दोन रकाने आखले. ऑपरेशन करावं: वाईट काही असलं तर वेळेत निघेल. करू नये: भूल, टाके, पाळी एका दिवसात बंद, मग घाम आणि चिडचिड. बेरेंड म्हणाला, चिडचिड आत्ताही आहेच की. नवरा म्हणून त्याचं गंभीर मत विचारलं. म्हणाला, पोट तुझं, तूच ठरव. आणि शेडमध्ये जाऊन सुतारकाम करत बसला.

१६ जानेवारी
हॉस्पिटलचं पत्र. तारीख २७ फेब्रुवारी. आणि २ मार्चला माझी पन्नाशी! ताजे टाके घेऊन पाहुण्यांना केक वाढायचा? शेजारची डीनी तर आत्तापासून जुने कपडे जमवतेय, अंगणात बाईएवढी साराची बाहुली बसवायची म्हणून. आमच्याकडे बाईला पन्नास झाली की तिच्या अंगणात ही सारा बसतेच, त्यातून सुटका नाही.
फोन करून सांगितलं, मार्चनंतर बघू. ही टाळाटाळ नव्हे. दातांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं मी अपॉइंटमेंटा देतेय. टाळाटाळ करणारी माणसं मी शंभर पावलांवरून ओळखते.
शिवाय एक नवा मुद्दा: आईला पन्नाशी गाठता आली नाही. मी गाठली की साखळी तुटली. डॉक्टरीणबाईंना हे सुचलं नाही. वयच काय त्यांचं, जेमतेम पस्तीस.

२४ जानेवारी
हिली मावशीला काही कळू द्यायचं नाही. आईची बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, काळजी करत बसेल. फक्त डीनीला सांगितलं.

२६ जानेवारी
डीनीने मावशीला सांगितलं.

५ फेब्रुवारी
पँटचं बटण लागत नाही. वजन वाढलंय, दुसरं काही नाही. उद्यापासून ब्रेड बंद.

६ फेब्रुवारी
ब्रेडचे दोनच तुकडे. चीज मोजलं नाही.

१२ फेब्रुवारी
वहीत करावं सात, करू नये नऊ. कालपर्यंत उलटं होतं. रात्री झोप नाही, दिवसा जाग नाही. तोच हिशोब पुन्हा पुन्हा मांडून कंटाळा आलाय. पण विचार करणं म्हणजे हेच असणार.

१९ फेब्रुवारी
फेल्डहाउस नावाच्या एका पेशंटने दाढेची वेळ तिसऱ्यांदा रद्द केली. चांगलं झापलं. म्हटलं, अहो, दुखणं काय कॅलेंडर बघून वाढतं का? मग मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडले. ॲलर्जी असावी. फेब्रुवारीत कसली, ते बघायला हवं.

२७ फेब्रुवारी
आज ऑपरेशन झालं असतं. अगदी शांत वाटतंय. सकाळी दहाला, मला आत नेलं असतं त्या वेळी, भांडी घासत होते. बेरेंड म्हणाला, ही मघाशीच घासलीस.

२ मार्च, शनिवार
झाली पन्नाशी. अंगणात सारा बसली. डीनीने तिचं पोट जरा जास्तच भरलंय.
दुपारी खुर्च्या गोल मांडल्या. एकवीस माणसं, प्रत्येकी केकचा एक तुकडा. इकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, फक्त माझं नव्हे. मग हिली मावशी कॉफी ढवळत, अख्ख्या गोलाला ऐकू जाईल अशी म्हणाली, काय गं पोरी, तू पण आईच्याच वळणावर का? मी म्हटलं, म्हणजे? मावशी म्हणाली, तिचंही पोट वर्षभर दुखत होतं. मी कानीकपाळी ओरडले, जा, दाखव. तर म्हणे, आधी पन्नाशी होऊ दे, सारा बसू दे अंगणात, मग काय ते बघू. तिच्या साराचा झगा मीच शिवला होता. तसाच राहिला कपाटात.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.
बेरेंडने उठून केकचा दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला. आमच्याकडे दुसरा तुकडा कुणी देत नाही.

४ मार्च, सोमवार, सकाळी ८.०५
हॉस्पिटलला फोन. रांगेत अकरावी. वाटलं होतं, आईपेक्षा मोठी झाले की भीती जाईल. मोठी झाले, भीती आहे तिथेच आहे. फक्त आता पुढचं सांगायला आई नाही.
फोनवरच्या बाई म्हणाल्या, तुमची तारीख तुम्हीच सोडलीत, आता १८ एप्रिल. मी विचारलं, त्याआधी नाही का जमणार? कुणी रद्द केलं तर? लगेच येते, अर्ध्या तासात येते.
बाई म्हणाल्या, नाव लिहून ठेवते, पण आशा ठेवू नका. असलं ऑपरेशन सहसा कुणी रद्द करत नाही हो.