गळकं पेन आणि दुसरं विमान

मंगळवार, दहा तारीख, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं.

अहो,

मी ठणठणीत आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो?

वर लिहिलेल्या वेळी लेकीच्या छोट्या विमानात मी तिच्या शेजारी बसले होते. विमानतळाच्या टॉवरने सांगितलेली उडायची उंची तिने तुम्ही भेट दिलेल्या फाउंटन पेनने टिपली. विमान चढू लागताच पेन गळलं आणि आकडा शाईत बुडाला. ती पुन्हा विचारेपर्यंत दुसरं विमान आमच्या अगदी पोटाखालून गेलं.

मी म्हटलं, "बये, शिसपेन्सिल घे!"

"नको गं आई, बाबांना वाईट वाटेल."

वाईट वाटून घ्यायला तुम्हाला आयुष्य पडलंय. वीस तारखेला ती एकटी डोंगरांवरून जाणार आहे. पेन्सिल वापरायला तुमची हरकत नाही, असं तिला स्वहस्ते लिहा. पत्र एकोणीसच्या आत पोचलं पाहिजे.

तुमचीच,
रागावलेली