तिरकी धरून पाहायची फिल्म

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त वेल्डिंग तपासनीस, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दोन मिनिटांत दिला. इतक्या घाईने मी कधी साधी पाण्याची टाकीसुद्धा पास केली नाही. याआधीची तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिन्ही रागात लिहिली होती. हेही रागातच लिहीत आहे, पण या वेळचा राग दुसऱ्या माणसावर आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. जावयाने भिंती हव्या तशा रंगवाव्यात, मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलला हात लावू नये. कारण कलम ४ मध्ये आहे.

२. कारखान्याचे मोठे साहेब अजून ठणठणीत आहेत. अशी माणसे टिकतात. त्यांनी माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. आलेच तर त्यांना बोलू देऊ नये. "याने सख्ख्या भावालाही सोडलं नाही," हे ते तीस वर्षे प्रत्येक समारंभात सांगत आले आणि मी मान खाली घालून ऐकत आलो. लोकांना तो विनय वाटला. त्यांनी दिलेली 'निष्पक्ष तपासनीस' ही पितळी ढाल चांगली जड आहे. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती दाराशी ठेवावी.

३. गेज, टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा माझ्या जागी आलेल्या तपासनीस बाईंना. त्या हुशार आहेत. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे: जोडाच्या एक्स-रे फिल्मवर रेघ दिसली, तर फिल्म आधी उजेडात तिरकी धरावी. भेग पोलादात असेल तर फिल्म वरून गुळगुळीतच दिसते. फिल्मवरच ओरखडा असेल तर तो चमकतो. हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होते.

४. आता धाकटा भाऊ. तो आमच्याच कारखान्यात वेल्डर होता. हात असा, की त्याचा जोड पाहून बाकीचे वेल्डर गप्प बसत. एका मोठ्या टाकीवरचा त्याचा जोड मी नापास केला. फिल्मवर केसाएवढी रेघ होती. तो म्हणाला, "दादा, परत एकदा बघ ना. माझा हात चुकलेला नाही." सगळे पाहत होते. भावाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "फिल्म नातं बघत नाही." जोड घासून काढणारा ग्राइंडरवालाही सांगून गेला, "साहेब, आत भेगबिग काही नाही." मी म्हणालो, "घासताना गेली असेल."

टाकी पाठवायला आधीच उशीर झाला होता आणि साहेबांना खापर फोडायला डोके हवेच होते. भावाची नोकरी गेली. पुन्हा कुठल्याच कारखान्याने त्याला दारात उभे केले नाही. तेव्हापासून तो ग्रिल आणि गेट करतो. स्वयंपाकघरातली ग्रिल मुलीने मला न विचारता त्याच्याकडून करून घेतली. अकरा वर्षे चहा पिताना मी त्या ग्रिलचे जोड तपासतो आहे. एकही खोट सापडलेली नाही.

५. त्याला काढल्यावर चार वर्षांनी जुन्या फायली आवरताना ती फिल्म हातात आली. सहज तिरकी झाली आणि रेघ चमकली. ओरखडा नखाचा होता, बहुधा माझ्याच. फिल्म मी घरी आणली आणि तोंड बंद ठेवले. भावाचे दुकान माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. मी भित्रा निघालो, याला दुसरा शब्द नाही.

ती फिल्म भावाला. मुलीने स्वतः नेऊन द्यावी. 'तो जोड निर्दोष होता' असे माझ्या सहीचे पत्र सोबत आहे. त्याची प्रत कारखान्याच्या फलकावर लावावी. भावाकडे माफी मागत नाही. ती चालत जाऊन मागायची गोष्ट होती.

ठिकाण: राहत्या घराचे स्वयंपाकघर, खिडकीजवळ. महिन्याचा पहिला सोमवार, सकाळचे अकरा.

सही: निवृत्त तपासनीस.

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपीकाका. फिल्म तिरकी धरून, रेघ चमकलेली पाहून सही केली.

साक्षीदार दुसरा: तो जोड घासणारा ग्राइंडरवाला, आता निवृत्त. त्याने फिल्म हातातही घेतली नाही. सही करताना म्हणाला, "साहेब, मी तेव्हाच सांगितलं होतं. तेही लिहा." लिहिले.