झोळीत न बसलेली पोरगी

अल्लीपूर, सोमवार संध्याकाळ, १९८३

आज संस्थेच्या बैठकीत मिरवून आले: आपल्या बालवाडीतल्या मुलांचं सरासरी वजन शेजारच्या जाम गावच्या बालवाडीपेक्षा जास्त! परतताना गावातल्या शांताबाईच्या ओट्यावर तिची लेक दिसली, आपल्याच बालवाडीतली. काडीसारखे हात. शांताबाईला विचारलं, वजनाच्या दिवशी ही काट्याच्या झोळीत का नव्हती?

"ताई, तुम्ही सगळ्यायसमोर आकडा सांगता. माही पोरगी कमी भरते. काऊन आणू तिले?"

मग जामवाले मागे कसे? ते कदाचित सगळीच मुलं तोलत असतील. माझ्या झोळीत मात्र धडधाकट तेवढीच. अशी आणखी किती मुलं आयांनी घरात बसवलीत?

उद्या काटा आणि झोळी घेऊन मीच दारोदार जाणार. आकडा फक्त आईच्या कानात. सरासरी घसरेल, जाम पुढे जाईल. जाऊ दे. झोळीत पहिली हीच बसेल.