चपलांजवळ कोण बसणार?

भोसरी, गुरुवार (सुट्टीचा वार)

तीर्थरूप इंदुआत्यास,

भोसरीहून तुझ्या वर्षालीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घेऊ नकोस, आमच्या खोलीत तेवढी मोकळी जागा नाही, पण मनाने मी पूर्ण आडवी झाले आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला कमी झाला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, फक्त पप्पा माझ्याकडे पाठ करून जेवतात. फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर तुझा तुळशीजवळचा फोटोही दिसेनासा झाला आहे. सुजितदादा म्हणाला, "आईला ब्लॉक करता येत नाही, मीच करून दिलं." पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

गुन्हा मला मान्य आहे. मी सोलापूरच्या स्टँडवर बस बदलली, विजापूरला गेले, आणि तुझ्या घरी चहालासुद्धा टेकले नाही. वर स्टेटसला गोलघुमटाचा फोटो टाकायची अक्कलही माझीच. तू पप्पांना फोनवर म्हणालीस, "सख्खी भाची दारावरून गेली रे, मी काय वाईट वागले तिच्याशी?" तेव्हापासून पप्पांची पाठ. आणि तू असंही विचारलंस म्हणे, की या पोरींना एकटीने कशाला फिरायचं असतं, घरात माणसं कमी आहेत का? आत्या, कमी नाहीत. तेच तर सांगायचं आहे.

बायका एकट्या का फिरतात यावर मोबाइलवर लेख येत असतात. स्वतःचा शोध घ्यायला, असं त्यांत लिहिलेलं असतं. माझं तसं काही नाही. मी हरवलेलीच नव्हते, मी चपलांजवळ बसलेली होते. तुला माहीतच आहे, आपलं घर कुठेही निघालं की देवळाच्या दारात आई म्हणणार, "वर्षालीजवळ ठेवा, ती जपते." मग सगळ्यांच्या चपला, पिशव्या, प्रज्वलचा चष्मा, शेखरकाकांची कवळी (पेढे खाऊन झाल्यावर ते ती काढतात), सगळं माझ्याभोवती. तुळजापूर म्हणजे माझ्यासाठी एक कडुलिंब आहे. अक्कलकोट म्हणजे एक नळ. जेजुरी पाहिलीस का असं कोणी विचारलं तर मला खोटं बोलवत नाही, मी "बाहेरून" म्हणते. बरं, उठून जावं तर धीर होत नाही. अक्कलकोटला एकदाच पाणी प्यायला नळापर्यंत गेले, तेवढ्यात काकांची डावी चप्पल बदलली गेली आणि ते भोसरीपर्यंत एका पायात लेडीज चप्पल घालून आले. चाकणला कंपनीत मी आलेला माल तपासते, तिथे साहेब म्हणतात तुझ्यासारखी नजर कुणाची नाही. नजर चपलांवर तयार झाली आहे, हे त्यांना कुठे माहीत.

म्हणून एकदा तरी फक्त स्वतःची चप्पल काढून आत जावं, एवढीच इच्छा. घरात सांगितलं, तर आई क्षणभर विचार करून म्हणाली, "मलाही एकटीनं जायचंय गं. चल, येते तुझ्याबरोबर." मी म्हटलं, अगं, मग ते एकटीनं होत नाही. तर म्हणे, "मी मधे बोलणार नाही ना!" प्रज्वल म्हणाला, "दीदी, मी बसच्या मागून बाईकवर येतो, तू मागं बघूच नकोस." कंपनीत मिनलने हळूच विचारलं, घरी भांडण झालं का. तुझ्याकडे आले असते तर तू सुजितदादाला सोबत दिलं असतंस, दादाबरोबर वहिनी, वहिनीबरोबर पोरं, आणि पोरांबरोबर त्यांचे ते लाइट लागणारे बूट. ते बूट कोणाजवळ राहिले असते, सांग बरं. म्हणून सोलापूरच्या स्टँडवर मी तोंडाला स्कार्फ बांधून चोरासारखी बसले.

गोलघुमटाच्या दारात चप्पल काढली. एकच जोड! इतका आनंद झाला की तिचा फोटो काढला. तेवढ्यात बायकांचा एक घोळका आला आणि त्यातल्या अंबुबाई नावाच्या आजींनी विचारलं, "पोरी, एकटीच हायस व्हय? संगं कोन न्हाई?" खोटं बोलता येत नाही, हो म्हटलं. "मंग बस की जरा. आमच्या चपला बघ, आलोच." आत्या, मी नाही म्हणणार होते. पण तोंड उघडेपर्यंत मी बसलेली होते. बाई चपलांजवळ बसलेली पाहून मागून एक कुटुंब आलं, त्यांनीही ठेवल्या. मग एक सहल आली. मी सवयीने लहान-मोठ्या मापांनी रांगा लावल्या, तर लोकांची खात्रीच पटली. एका गृहस्थांनी हातात सुट्टे पैसे ठेवले. ते परत द्यायला मी त्यांच्यामागे धावले, तर चपलांना कोणी नाही हे आठवून परत धावले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी मला हात जोडले.

शेवटी अंबुबाई उतरल्या. "अगं बया, अजून हितंच? आमच्या झिजक्या चपला कोन नेतंय! ऊठ. मी बसते, माझं बघून झालंय." आयुष्यात पहिल्यांदा माझ्याऐवजी कोणीतरी चपलांजवळ बसलं. मी जिना अक्षरशः पळत चढले.

वर काय आहे ते आता नीट ऐक. लहानपणी आपण सगळे गोलघुमटाला गेलो होतो, तेव्हा तू आणि मी खाली चपलांजवळ बसलो होतो. मी रडत होते, म्हणून तू मला वरचं सगळं सांगितलंस. भिंतीशी कुजबुजलं की पलीकडच्या माणसाला कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, आणि घुमटाच्या मधोमध राणीचा चांदीचा पाळणा टांगलेला आहे. मी इतकी वर्षं त्या पाळण्याच्या भरवशावर होते. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पाळणा? इथं कधीच नव्हता, बाई." मी बराच वेळ वर बघत उभी राहिले. आत्या, तुमच्याकडे पाहुणा आला की तू त्याला गोलघुमट दाखवायला नेतेस. आणि तू एकदाही वर गेलेली नाहीस. त्या वेळी तर तुझे गुडघेही चांगले होते.

कुजबुजीचं मात्र खरं असावं. मी भिंतीला तोंड लावून "मी वर्षाली" म्हणाले आणि ऐकायला गोल पळत पलीकडे गेले. पोहोचेपर्यंत आवाज निघून गेला होता. तीन-चार वेळा केलं. सहलीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा खाली आले.

मामांना नमस्कार, दादाच्या पोरांना गोड पापा. राग असला तरी औषधं वेळेवर घे.

तुझीच, चोरासारखी का होईना, दारावरून गेलेली,
वर्षाली

ता. क. स्टँडवर शेंगाचटणी विकत घेतली. न सांगता झोप लागेना. तुझ्या चटणीपुढे ती काहीच नाही, तरी संपवली.

आणखी ता. क. पत्र परत वाचलं, तर त्यात मी माफी कुठेच मागितलेली नाही. ती इथे मागायची नाही. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा विजापूरला जाते आहे, एकटीच. तूही ये, एकटीच. घरी सांग, भाचीला रागवायला चालले. जिना उंच आहे, बसत-बसत चढू. वर गेल्यावर तू पलीकडे जाऊन भिंतीला कान लाव, माफी तिथे येईल. चपलांची काळजी करू नकोस, दोन जोड मावतील अशी कापडी पिशवी शिवली आहे, काखेत मारून वर नेऊ.

अगदी शेवटचा ता. क. पाकिटावर पत्ता घालताना आईने हे वाचलं. तीही येते आहे, एकटीच. म्हणाली, "तुम्ही दोघी जा वर, मी बसते चपलांजवळ." पिशवी उसवायला घेतली आहे. तीन जोडांची करते.